पोर्तुगालचा राजा नेमका घालवला कुणी? (५ ऑक्टोबर १९१० आणि आपला गोवा)

खाजन
गोव्यात शिकलेल्यांना ही ओळ पाठ असेल, १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं आणि गोव्यातल्या हिंदूंना समान हक्क मिळाले. झालं, एवढंच. पुढच्या पानावर थेट १८ जून १९४६ आणि लोहिया.

तो राजा कोण, का गेला, कुणी घालवला, काही नाही. लिस्बनमधल्या लोकांनी सत्तरी-पेडण्यातल्या हिंदूंचं भलं व्हावं म्हणून तर बंदुका उचलल्या नसणार ना. थोडं वाचून बघितलं तर गोंधळ अजून वाढला. राजा मॅन्युएल दुसरा, वय फक्त २०, गादीवर येऊन तीन वर्षंही झालेली नाहीत. आणि क्रांती म्हणावी तर दीड दिवसात आटोपली, ४ ऑक्टोबरच्या पहाटे सुरू आणि ५ तारखेला सकाळी नऊच्या सुमाराला घोषणा. जवळपास आठशे वर्षांची राजेशाही दीड दिवसात?

तर प्रश्न दोन. एक, ही खरंच लोकांची क्रांती होती का, की लष्करातल्या चार लोकांचा सत्तापालट? दोन, गोव्याच्या पदरात नक्की काय पडलं? जाणकारांनी लिहावं.

कोपरखळी
रुमाल टाकून ठेवतो. जाणकार येईपर्यंत चहा घेऊन येतो.

पुणेरी_उपरा
क्रांती म्हटलं की १७८९, आणि फार तर १९१७. बाकी सगळे रिमेक. पोर्तुगालचं प्रकरण म्हणजे नौदलाने राजवाड्यावर दोन गोळे टाकले आणि पोरगा पळाला. याला लोकक्रांती वगैरे म्हणणं जरा जास्तच होतंय.

गणपुले_मास्तर
उपरासाहेब, दोन गोळे खरे, पण त्या गोळ्यांच्या मागे वीस वर्षं आहेत. जरा लांबण लागेल, क्षमस्व.

सुरुवात १८९० पासून करावी लागते. पोर्तुगालकडे आफ्रिकेत पश्चिमेला अंगोला आणि पूर्वेला मोझांबिक. मधला सगळा पट्टाही आपलाच असं दाखवणारा एक नकाशा त्यांनी काढला होता, त्यात तो पट्टा गुलाबी रंगात, म्हणून तो गुलाबी नकाशा म्हणूनच प्रसिद्ध आहे. इंग्रजांना केपपासून कैरोपर्यंत सलग मुलूख हवा, त्यामुळे हा गुलाबी पट्टा बरोब्बर आडवा आला. ११ जानेवारी १८९० ला लॉर्ड सॅलिसबरीच्या सरकारचा निरोप आला की शिरे नदीच्या मुलखातून माणसं मागे घ्या, नाहीतर आमचा राजदूत लिस्बन सोडतोय. आणि हे कोण सांगतंय, तर १३८६ पासूनचा तहनाम्याचा मित्र. राजा कार्लोस पहिला तेव्हा गादीवर येऊन तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. दुसरा इलाज नव्हता, मान तुकवली. देशात आगडोंब. इंग्रजांचं तर कुणी काही वाकडं करू शकत नव्हतं, मग सगळा राग राजावर निघाला. रिपब्लिकन पक्ष तोपर्यंत वकील-डॉक्टर-प्राध्यापकांचा छोटा गट होता, तो या रागावर वाढला. पुढच्याच वर्षी ३१ जानेवारी १८९१ ला पोर्तो शहरात पहिला रिपब्लिकन उठाव झाला, तो काही तासांत मोडला.

त्यात तिजोरीची बोंब. १८९२ मध्ये सरकारने परदेशी कर्जाचं पूर्ण व्याज देणं थांबवलं, म्हणजे अर्धं दिवाळंच. आणि संसदेत दोन पक्ष, रिजनरेदोर आणि प्रोग्रेसिस्ट, दोघांनी आपसात ठरवल्यासारखं, एकदा तू बॅटिंग कर एकदा मी. निवडणूक आधी ठरायची, मतं नंतर पडायची.

तिरफळ
मास्तर, शेवटचं वाक्य पोर्तुगालबद्दलच आहे ना? संपादक मंडळ इकडेच बघतंय.

मांडवीकाठ
एक मिनिट. मास्तरांनी लिहिलं ते खरं असेल तर हे लोक आपल्या राजावर चिडले ते त्याने आफ्रिकेतला मुलूख सोडला म्हणून? वसाहती जास्त हव्या होत्या म्हणून क्रांती? आणि आपण गोव्यात बसून तिचे गोडवे गातोय!

गणपुले_मास्तर
बरोबर ओळखलंत. पोर्तुगीज रिपब्लिकनांचं राष्ट्रप्रेम आणि वसाहतप्रेम एकाच मुळातून आलेलं होतं. पुढे गोव्याचा विषय येईल तेव्हा हे लक्षात ठेवा, फार उपयोगी पडेल. त्या काळात जनतेने वर्गणी काढून एक युद्धनौका बांधून घेतली, इंग्रजांच्या नाकावर टिच्चून. इटलीत लिव्होर्नोला बांधली, नाव 'अदमास्तोर'. १९१० मध्ये राजवाड्यावर गोळे टाकणाऱ्या दोन नौकांपैकी एक हीच.

कोपरखळी
म्हणजे वर्गणी इंग्रजांसाठी गोळा केली आणि प्रसाद राजाला. _/\_

शेवंती७८
मधला मोठा प्रसंग राहिला, तो मी लिहिते.

१९०६ मध्ये राजा कार्लोसने जुआंव फ्रांकोला पंतप्रधान केलं. राजघराण्याला सरकारी तिजोरीतून गुपचूप उचल दिली जात होती हे त्याच सुमाराला बाहेर आलं. अफोन्सो कोस्ता नावाचा रिपब्लिकन वकील संसदेत उभा राहून म्हणाला की याहून कितीतरी कमी गुन्ह्यांसाठी सोळाव्या लुईचं डोकं उडालं होतं. (उपरासाहेब, तुमचं १७८९ आलं बघा.) त्याला सभागृहातून बाहेर काढलं. मग १९०७ मध्ये फ्रांकोने संसदच गुंडाळून फतव्यांवर कारभार सुरू केला, वर्तमानपत्रं बंद, धरपकड. ३१ जानेवारी १९०८ ला राजाने आणखी एका फतव्यावर सही केली, राजकीय आरोपींना खटल्याशिवाय वसाहतींत हद्दपार करण्याचा.

दुसऱ्याच दिवशी, १ फेब्रुवारीला, राजाचं कुटुंब विला विसोझाहून परत आलं. नदीकाठच्या मोठ्या चौकात, तेरेइरो दु पासोला, उघड्या घोडागाडीतून चाललेले. गर्दीतून मॅन्युएल बुइसा आणि आल्फ्रेदो कोस्ता असे दोघं पुढे आले. राजा जागीच गेला, युवराज लुईस फिलिपही गेला. राणी अमेलिया हातातल्या फुलांच्या गुच्छाने हल्लेखोराला मारत होती. धाकट्या मॅन्युएलच्या हाताला गोळी लागली, तो वाचला आणि राजा झाला. बुइसा शाळामास्तर होता. दोन्ही मारेकरी तिथेच मारले गेले. आणि मला सगळ्यात थरकाप वाटतो तो पुढच्या गोष्टीचा, लोक त्यांच्या थडग्यांवर फुलं वाहायला रांगेने जायचे. राजाला मारणाऱ्याच्या थडग्यावर! याला लोकांचा पाठिंबा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

पुणेरी_उपरा
थडग्यावर फुलं वाहणं वेगळं आणि क्रांती करणं वेगळं. राजा मेला तेव्हाच राजेशाही का गेली नाही मग? अडीच वर्षं थांबले कशाला?

शेवंती७८
कारण पोराची दया आली लोकांना काही काळ. त्याने फ्रांकोला लगेच काढून टाकलं, मवाळ धोरण धरलं. पण त्याच १९०८ च्या नोव्हेंबरात लिस्बनच्या नगरपालिकेत रिपब्लिकन निवडून आले. राजा राजवाड्यात आणि राजधानी रिपब्लिकनांच्या हातात, असं दोन वर्षं चाललं.

लिस्बोआत_सध्या
नोकरीनिमित्त इथे राहतो त्यामुळे राहवलं नाही. ज्या ठिकाणी हा उठाव तगला ती रोतुंदा म्हणजे आजचा मार्केस दे पोंबालचा चौक, शहरातलं सगळ्यात गजबजलेलं सर्कल, रोज तिथूनच मेट्रो बदलतो. इथे ५ ऑक्टोबरला सुट्टी असते आणि ऑफिसातल्या निम्म्या लोकांना ती कशाची ते सांगता येत नाही, बाकी आपल्याकडेही काय वेगळं आहे म्हणा.

घटनाक्रम बघा, अक्षरशः विनोदी आणि भयानक दोन्ही. ३ ऑक्टोबरला सकाळी डॉ. मिगेल बोंबार्दा, नावाजलेले मनोविकारतज्ज्ञ आणि रिपब्लिकनांचे मोठे पुढारी, यांना त्यांच्याच एका जुन्या पेशंटने इस्पितळात गोळ्या घातल्या. राजकारणाचा संबंध नाही, पण शहर पेटलं. त्याच संध्याकाळी राजा मॅन्युएल ब्राझीलचे होऊ घातलेले राष्ट्राध्यक्ष एर्मेस दा फोन्सेका यांच्याबरोबर जेवायला. आता ब्राझीलमध्ये याच ब्रागांझा घराण्याचा सम्राट होता, त्याला १५ नोव्हेंबर १८८९ ला घालवून तिथे प्रजासत्ताक आलं. आणि मॅन्युएलचा जन्म कधीचा, तर १५ नोव्हेंबर १८८९! तोच दिवस! कादंबरीत लिहिलं तर संपादक कापून टाकेल.

मध्यरात्रीनंतर दोन पलटणी फुटल्या, कार्बोनारिया या गुप्त संघटनेच्या लोकांनी आतून दारं उघडून दिली, आणि सगळे तोफा घेऊन रोतुंदाला आले. नौदलाचा ठरलेला इशारा काही ऐकू आला नाही. उठावाचे लष्करी प्रमुख ॲडमिरल कांदिदो दुश रेइश यांना वाटलं सगळं फसलं, त्यांनी पहाटे स्वतःला गोळी घातली. रोतुंदावरच्या अधिकाऱ्यांनी सकाळी बैठक घेतली आणि बहुतेक सगळे निघून गेले. राहिला कोण? माशादो सांतोश. आणि हा नौदलात काय होता, तर हिशेबखात्याचा अधिकारी! लढाऊ लोक घरी गेले आणि पगारपत्रकं सांभाळणारा माणूस काहीशे शिपाई, नागरिक आणि मोजक्या तोफा घेऊन चौक धरून बसला.

दुपारी 'अदमास्तोर' आणि 'साव राफाएल' यांनी नदीतून नेसेसिदादेस राजवाड्यावर मारा केला, राजा मोटारीने माफ्राला गेला. तरी ४ तारखेच्या रात्री सरकारकडे रोतुंदावाल्यांपेक्षा किती तरी जास्त फौज होती. ५ ला सकाळी जर्मन वकिलातीच्या माणसाने परदेशी लोकांना बाहेर काढायला थोडा वेळ युद्धबंदी मागितली आणि पांढरं निशाण घेऊन रस्त्यावर आला. लोकांनी पांढरं निशाण बघितलं, म्हणाले सरकार शरण आलं! हजारो लोक रस्त्यावर, सैनिकांच्या गळ्यात पडायला लागले, आता गोळी कोण कुणावर झाडणार. नगरपालिकेच्या गच्चीतून जुझे रेल्वास यांनी प्रजासत्ताक जाहीर केलं. राजा त्याच दिवशी एरिसेराच्या किनाऱ्यावरून मच्छीमारांच्या होडीतून राजनौकेवर चढला, तिथून जिब्राल्टर, मग इंग्लंड. तिकडे जुनी पोर्तुगीज पुस्तकं जमवण्यात आयुष्य गेलं, १९३२ मध्ये वारला.

कोपरखळी
दंडवत. अकाउंट्सवाल्यांना कमी लेखू नये, हे आमच्या ऑफिसच्या नोटीस बोर्डावर लावतो.

तिरफळ
वाचनखूण साठवली. गैरसमजातून झालेली क्रांती पहिल्यांदाच ऐकतोय.

सत्तरीकर
लिस्बोआत, राजाबरोबर त्या नौकेवर त्याचा काका पण होता ना, अफोन्सो? तो आमचा जुना ओळखीचा. १८९५ मध्ये गोव्यातल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जायचा हुकूम आला, त्यांनी नकार दिला, बंड करून सत्तरीत आले आणि तिथल्या राणे घराण्याने त्यांना हात दिला. दादा राणेंचं बंड ते. ते मोडायला लिस्बनहून जी फौज आली तिच्याबरोबर हा राजाचा भाऊ अफोन्सो आला होता, व्हाइसरॉय म्हणूनही मिरवला. त्याला पळावं लागलं हे वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण आता दुसरी बाजू ऐका. प्रजासत्ताक आल्यावर सत्तरीत काय बदललं? १९१२ मध्ये राण्यांचं पुन्हा बंड झालं. म्हणजे राजा जाऊन दोन वर्षं होत नाहीत तोवर. स्वातंत्र्य, समता, बंधुता म्हणणाऱ्या सरकारने ते कसं मोडलं, तर राजाने मोडलं असतं तसंच. तेव्हा "हिंदूंना समान हक्क" म्हणजे कुठल्या हिंदूंना तेही विचारा.

मांडवीकाठ
+१. मुंडकाराला, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला, काय फरक पडला? भाटकार (जमीनदार) तोच, घर त्याच्याच जमिनीत.

खाजन
सत्तरीकर, नेमकं हेच विचारायचं होतं मला. मग ती पाठ्यपुस्तकातली ओळ खोटी म्हणायची का?

बायो
खोटी नाही, अर्धी आहे. मी मडगावला वकिली करते, रोज या १९१० शी भांडण असतं म्हणून लिहिते.

कागदावर हिंदू हे नागरिक १९१० च्या आधीपासून होते, राजेशाहीतही संविधानाचा काळ आला तेव्हापासून. पण राज्याचा अधिकृत धर्म कॅथलिक. त्यामुळे सरकारी नोकरी, मान, शिक्षण यांत हिंदू माणूस कायम दाराबाहेर. प्रजासत्ताकाने ऑक्टोबर १९१० मध्येच जेझुइटांना देशाबाहेर काढलं आणि २० एप्रिल १९११ ला धर्म आणि राज्य वेगळं करणारा कायदा आणला. अफोन्सो कोस्ता, तोच सोळाव्या लुईवाला, आता न्यायमंत्री. हे त्यांनी पोर्तुगालमधल्या चर्चशी हिशेब चुकता करायला केलं, हिंदू त्यांच्या डोक्यातही नसतील. पण राज्याचा धर्मच उरला नाही म्हटल्यावर आमच्याकडच्या हिंदूंना दार उघडलं. नोकऱ्यांत, लिसेवमध्ये (सरकारी हायस्कुलात), छापखान्यांत हिंदू दिसायला लागले, मराठी नियतकालिकं निघाली, हेगडे देसाईंचं 'भारत' त्यातलंच. ज्यांच्याकडे आधीच जमीन किंवा शिक्षण होतं ते आधी आत गेले, हा सत्तरीकरांचा मुद्दा मान्य.

आता कायद्याचं. गोव्यात घटस्फोटाची केस आजही ३ नोव्हेंबर १९१० च्या डिक्रीवर (सरकारी हुकमावर) चालते. राजा जाऊन महिना व्हायच्या आत काढलेली डिक्री आहे ती! नवरा-बायको दोघांना सारखी कारणं, आणि दोघांच्या संमतीने घटस्फोट सुद्धा त्यात आहे. उरलेल्या भारतात हिंदू विवाह कायदा १९५५ चा आणि त्यात परस्परसंमती आली १९७६ मध्ये. आमच्याकडे लग्नासाठी सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही आणि मग दुसरी सही असते ना, बाहेरून आलेल्या सुना वैतागतात त्यावर, ती सक्तीची नागरी नोंदणी पण याच प्रजासत्ताकाने आणलेली. आधी भिस्त चर्चच्या वह्यांवर.

तिरफळ
बायोताई, नवराबायकोत अर्धी-अर्धी मालमत्ता पण १९१० चीच का?

बायो
नाही, ती १८६७ च्या नागरी संहितेतली, म्हणजे राजेशाहीची. राजाला पण थोडं श्रेय द्या :)

पुणेरी_उपरा
राजघराणं ब्रागांझा, आणि गोव्यात प्रजासत्ताकाचे गोडवे गाणारे पण मिनेझिस ब्रागांझाच. हे काय गौडबंगाल आहे?

बायो
फक्त आडनाव. लुईस द मिनेझिस ब्रागांझा चांदरचे, मोठ्या भाटकार घराण्यातले, जन्माने कॅथलिक पण पक्के स्वतंत्र विचाराचे. १९११ मध्ये 'ओ देबाते' काढलं, हिंदूंच्या बाजूने सतत लिहिलं. पणजीतली इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा त्यांच्याच नावाची, आधी तिला वास्को द गामाचं नाव होतं.

काजूबोंडू
अवांतर: पणजीला फोंतेन्हासमध्ये ३१ जानेवारी रस्ता आहे ना, तिथल्या जुन्या बेकरीसकट सगळ्यांनी फोटो काढलेले असतात. आम्हाला गाईडने सांगितलेलं की पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाला त्याची ती तारीख.

लिस्बोआत_सध्या
स्पेनपासून सुटका १ डिसेंबर १६४० ची, त्याचीही इथे सुट्टी असते. ३१ जानेवारी म्हणजे मास्तरांनी वर लिहिलेला १८९१ चा पोर्तोचा फसलेला उठाव. पोर्तुगालमध्ये गावोगाव या नावाचे रस्ते आहेत, प्रजासत्ताक आल्यावर ठेवलेले.

काजूबोंडू
गाईडने पाचशे रुपये घेतले होते हो.

शेवंती७८
आमच्या आजीच्या डब्यात दोन चांदीचे रुपये होते, एकावर जाड्या मिशीवाला कार्लोस, १९०४ चा, आणि दुसऱ्यावर बाईचं डोकं, १९१२. लहानपणी मला वाटायचं ती त्याची बायको. ती प्रजासत्ताकाची मूर्ती हे फार नंतर कळलं. गोव्यात तेव्हा रुपियाच चालायचा. तिकडे पोर्तुगालमध्ये मात्र १९११ मध्ये चलन बदललं, झेंडा बदलला, सगळंच नवं.

बाई म्हणून एक भर घालते. नवीन निवडणूक कायद्यात लिहिलं होतं की २१ वर्षांवरचे, लिहितावाचता येणारे किंवा कुटुंबप्रमुख असलेले नागरिक मत देऊ शकतात. पुरुष हा शब्द घालायला विसरले. डॉ. कारोलिना बेआत्रिस आंजेलो, विधवा, घरात मुलगी, म्हणाल्या मी कुटुंबप्रमुख आहे. नोंदवायला नकार दिला तेव्हा कोर्टात गेल्या, जिंकल्या, आणि २८ मे १९११ ला मत देऊन आल्या. बिचाऱ्या त्याच वर्षी वारल्या. आणि १९१३ मध्ये सरकारने कायदा दुरुस्त केला, आता फक्त पुरुष, आणि तेही साक्षरच.

पुणेरी_उपरा
धन्यवाद शेवंतीताई, तुम्ही माझ्याच मुद्द्यावर शिक्का मारलात. १९११ मध्ये पोर्तुगालची लोकसंख्या साठ लाखांच्या जवळपास आणि चारात तीन निरक्षर. म्हणजे साक्षरतेची अट घालून यांनी गरिबांना, खेड्यातल्या लोकांना आणि बायकांना मतदानातून बाहेर काढलं. राजाच्या काळात जेवढे मतदार होते त्याहून प्रजासत्ताकात कमी झाले. का? कारण खेड्यातला माणूस पाद्र्याचं ऐकेल आणि आपल्याला पाडेल ही भीती. ऑगस्ट १९१० च्या निवडणुकीत रिपब्लिकनांचे किती निवडून आले? १४. बहुतेक लिस्बन आणि आसपासचे. ही लिस्बनची क्रांती होती. बाकी देशाला तारेने कळवलं की उद्यापासून राजा नाही.

मांडवीकाठ
लिस्बनचे लोक हे लोक नसतात का? पॅरिसने केली की लोकक्रांती आणि लिस्बनने केली की सत्तापालट, हा कुठला न्याय.

पुणेरी_उपरा
पॅरिसच्या वेळी खेड्यांत पण गढ्या जाळल्या होत्या शेतकऱ्यांनी. पोर्तुगालच्या खेड्यात काय जाळलं ते सांगा.

तिरफळ
धागा शंभरी गाठणार. पॉपकॉर्न.

गणपुले_मास्तर
उपरासाहेबांचा आकड्यांचा मुद्दा मान्य, निष्कर्ष नाही. रोतुंदावर शिपायांबरोबर सुतार, दुकानातली पोरं, छापखान्यातले कामगार होते. ५ तारखेनंतर बँकांवर पहारा द्यायला हेच फाटक्या कपड्यातले लोक उभे राहिले, एक पैसा हलला नाही. आणि त्यांच्याशी प्रजासत्ताकाने काय केलं? डिसेंबर १९१० मध्ये संपाचा हक्क दिला पण अशा अटी घालून की कामगार त्याला फसवणूक म्हणाले. जानेवारी १९१२ मध्ये लिस्बनमध्ये सार्वत्रिक संप झाला तर शहर लष्कराच्या ताब्यात दिलं आणि शेकडो कामगारांना पकडून नेलं. अफोन्सो कोस्ताला कामगार 'संघटना फोडणारा' म्हणायला लागले.

पुढची सोळा वर्षं धड एक सरकार टिकलं नाही. पंचेचाळीस सरकारं झाली, सरासरी काढा, चार महिने येते. १९१६ मध्ये महायुद्धात उतरले, ९ एप्रिल १९१८ ला लिसच्या लढाईत फ्रान्समध्ये त्यांच्या फौजेची धूळधाण झाली. सिदोनियो पाइश हा लष्करी माणूस १९१७ च्या डिसेंबरात सत्ता घेऊन बसला, वर्षभरात रोसियो स्टेशनवर त्याला गोळ्या घातल्या. १९१९ मध्ये उत्तरेत महिनाभर पुन्हा राजेशाही जाहीर झाली होती, पाइवा कोसेइरोने केली. हा कोसेइरो लक्षात ठेवा. आणि १९ ऑक्टोबर १९२१ च्या रात्री बंडखोर नौसैनिक एक ट्रक घेऊन लिस्बनमध्ये घरोघर फिरले, माणसं उचलली आणि मारली. पंतप्रधान आंतोनियो ग्रांजो त्यात गेले. आणि आपला तो रोतुंदावर बसून राहिलेला हिशेबनीस, माशादो सांतोश, तो पण त्याच ट्रकमध्ये गेला. बरोबर कार्लोस दा माइया, १९१० मध्ये ज्याने नौका फितवल्या होत्या.

कोपरखळी
नोटीस बोर्डाचा बेत रद्द.

खाजन
मास्तर, तो कोसेइरो लक्षात ठेवा म्हणालात तो कशासाठी?

गणपुले_मास्तर
कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते त्याच्यात आहे. ४ ऑक्टोबरला रोतुंदावर मनापासून हल्ला चढवणारा सरकारी बाजूचा अधिकारी म्हणजे हा कॅप्टन पाइवा कोसेइरो. तोफा लावून झुंजला, पण पाठीमागून कुणी येईना. बाकीचे सेनाधिकारी काय करत होते? हुकमाची वाट बघत होते. राजनिष्ठ म्हणवणारे सरदार, मंत्री, ते दोन आलटूनपालटून सत्ता खाणारे पक्ष, आपापल्या घरी. राजेशाही इतकी पोकळ झाली होती की तिच्यासाठी मरायला एक कोसेइरो सोडून कुणी बाहेर पडलं नाही. आक्रमण करणारे थोडे होते हे उपरांचं खरं, पण वाचवायला आलेले त्याहून थोडे. लोकांनी राजा घालवला का, तर लिस्बनच्या लोकांनी घालवला आणि उरलेल्या देशाने जाऊ दिला.

आणि २८ मे १९२६ ला जनरल गोमेस दा कोस्ता ब्रागाहून फौज घेऊन लिस्बनकडे निघाले तेव्हा प्रजासत्ताकासाठी कोण बाहेर पडलं? जवळजवळ कुणीच नाही. बायकांचं मत काढून घेतलेलं, निरक्षरांचं काढून घेतलेलं, कामगारांना तुरुंगात घातलेलं, खेड्यातल्या लोकांच्या पाद्र्यांना छळलेलं. कोण येणार? दोन वर्षांत सालाझार अर्थमंत्री, १९३२ ला पंतप्रधान, आणि मग त्याची हुकूमशाही, तुम्हा गोवेकरांना सांगायला नको.

पुणेरी_उपरा
"लिस्बनच्या लोकांनी घालवला आणि देशाने जाऊ दिला" एवढ्यावर मी तह करायला तयार आहे. लोकक्रांती हा शब्द तरी मी वापरणार नाही.

सत्तरीकर
आणि आम्ही गोव्यातले? आम्हाला ना घालवायचा अधिकार ना ठेवायचा.

लिस्बोआत_सध्या
सत्तरीकर, गंमत म्हणजे इथे १९१० च्या शंभरीला झालेल्या कार्यक्रमांबद्दल ऑफिसातल्या एका सिनियरशी बोलत होतो, मी गोव्याचा विषय काढला तर त्याला वाटत होतं प्रजासत्ताकाने वसाहती सोडायचा विचार केला असेल. कुठून करणार, मास्तरांनी लिहिलंय ना, गुलाबी नकाशावरून तर सगळं सुरू झालं.

खाजन
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं अपेक्षितच नव्हतं. एक शेवटची शंका, सालाझार आल्यावर १९१० ने दिलेलं गोव्यातलं काय काय परत गेलं? सगळंच का?

बायो
सगळं नाही, आणि हाच भाग मजेशीर आहे. राजकीय होतं ते गेलं. १९३० चा वसाहत कायदा आला, त्याने गोव्यातले लोक पुन्हा खालच्या पायरीवर. मिनेझिस ब्रागांझांनी जुलै १९३० मध्ये कायदेमंडळात त्याविरुद्ध ठराव मांडला, पोर्तुगीज भारताने आपला स्वयंनिर्णयाचा हक्क सोडलेला नाही असा. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, जुनी माणसं सांगायची की लग्नपत्रिका पण तपासून घ्यावी लागायची.

पण घरातले कायदे बहुतेक तसेच राहिले. नागरी नोंदणी राहिली, घटस्फोट राहिला, एका मोठ्या अपवादासह. सालाझारने १९४० मध्ये पोपशी करार केला आणि १९४६ च्या डिक्रीने तो वसाहतींत लागू झाला, त्यानंतर चर्चमध्ये लग्न केलेल्या कॅथलिकांना दिवाणी घटस्फोट बंद. म्हणजे १९१० चं जे प्रजासत्ताक कॅथलिक चर्चशी भांडायला निघालं होतं त्याचा घटस्फोटाचा कायदा माझ्या हिंदू अशिलाला सरळ लागू होतो, आणि चर्चमध्ये लग्न केलेली कॅथलिक अशील आली की आधी विचारावं लागतं, बाई, चर्चच्या न्यायालयात अर्ज केलास का?

सत्तरीकर
बायो, यावर वेगळा धागा काढ. मुंडकारांचं पण घे त्यात.

बायो
पावसाळी सुट्टीत बघते. मुंडकार कायद्याच्या माझ्या चार केसेस चालू आहेत, त्या निकालात निघाल्याशिवाय त्यावर नाही लिहिणार.